बाल्दोमेरोची जागा

गुरुवारी संध्याकाळी मी सुपरमार्केटात कॉफी आणायला गेलो होतो. कॉफीच्या फळीशेजारीच कपांची रास मांडली होती. त्यातला एक मी उचलला आणि सवयीप्रमाणे उलटा करून त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला. निळा इनॅमलचा कप, वर पांढरे शिंतोडे, बुडाशी लावा पक्ष्याचा छाप. पोट पुढे काढून उभा असलेला हा लावा आमचा. त्याची शेपटी मीच शहात्तर साली जरा आखूड केली होती, कारण आमचे मालक डॉन आन्सेल्मो यांना ती कोंबडीची वाटायची. पण अंगठ्याला काहीच लागलं नाही. आमच्या भट्टीत प्रत्येक भांडं तीन टोकदार खिळ्यांवर ठेवून भाजतात, त्यामुळे बुडाला तीन बारीक खडबडीत ठिपके राहतात. आमच्या कारखान्याच्या वसाहतीतलं शेंबडं पोरसुद्धा डोळे मिटून सांगेल, हे भांडं घरचं की परक्याचं. हा कप गुळगुळीत होता. मी किमतीची चिठ्ठी नखाने खरवडली, तर खाली बारीक अक्षरांत चीनचं नाव. मागून एक बाई म्हणाली, "अहो, घेताय की नुसतेच कुरवाळताय?" मी म्हणालो, "घेतो, घेतो," आणि कप टोपलीत टाकला. कॉफी राहिलीच.

घरी माझ्या बायकोने, कासिल्दाने, पिशवी उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं त्या कारखान्यात काढलीस, घरात भिंतीवर टांगायला जागा नाही एवढी भांडी आहेत, आणि तू पैसे देऊन कप आणलास? बरं वाटतंय ना तुला?" मी म्हटलं, बुडाखाली बघ. तिने अंगठा फिरवला. तीही वसाहतीतच वाढलेली, तिला सांगावं लागलं नाही. कप टेबलावर उपडा ठेवून ती म्हणाली, "बाल्दोमेरोला सांगितलंस?" त्या नावाने मला सोमवार आठवला. तोपर्यंत मी फक्त अपमान झाल्यासारखा चिडलो होतो, आपल्या अंगणात कुणी परक्याने खुर्ची टाकावी तसा.

सोमवारी बाल्दोमेरो आपली जागा सोडायची सही करणार होता. आमच्याकडे भट्टीवरची जागा ही घराची असते. एका घराला एक जागा. बाप बाहेर पडला की मूल आत, आणि बापाने एकदा सही केली की तो परत आत नाही. बाल्दोमेरो बावन्न वर्षांचा आहे. त्याला अजून आठ वर्षं मिळाली असती, पण मुलाम्यात भांडं बुडवून वर काढताना मनगटाला जो एक हिसडा द्यावा लागतो, जास्तीचा थेंब झटकायला, तो त्याला आता जमत नाही. मनगट गेलंय. गेल्या वर्षी त्याने बरीच पातेली पाडली आणि बाकीच्यांनी ती आपापल्या नावावर घेतली. म्हणून तो आठ वर्षं आधी निघणार आणि जागा मुलीला, नेरेइदाला, देणार; तिला काम मिळणार होतं रंगाच्या प्रयोगशाळेत. नावं दोन वर्षांतून एकदाच नोंदवतात, आणि ती तारीख सोमवारची. नेरेइदा शिकली आहे. साल्तिल्यो शहरातल्या एका इस्पितळातल्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं आहे, त्यांनाही सोमवार दुपारपर्यंतच कळवायचं होतं. ती माझी धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी तिला हातांवर धरलं तेव्हापासून बाल्दोमेरो माझा कोंपाद्रे, म्हणजे धर्मनात्याचा भाऊ. सख्ख्या भावाशी माणूस भांडतो, कोर्टात जातो. कोंपाद्रेच्या शब्दाला मात्र 'खरं का?' असं कुणी विचारत नाही. आणि आमच्या कारखान्याची रीत अशी की मूल पहिल्या दिवशी कामावर येतं तेव्हा बाप फाटकाबाहेर थांबतो आणि धर्मपिता, म्हणजे पाद्रीनो, त्याला हाताला धरून आत नेतो. कंपनीच्या छापील अर्जातच शेवटी धर्मपित्याच्या सहीची ओळ आहे. म्हणजे कप चीनहून येऊ लागले म्हणून भट्टी विझणार असेल, तर बाल्दोमेरोची आठ वर्षंही जाणार, नेरेइदाचं साल्तिल्योही जाणार, आणि ते माझ्या सहीने जाणार.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. लागली, आणि स्वप्नात मी झाड काढत होतो. माझं कामच ते. सोळाव्या वर्षी मी भांड्यांवर फुलं काढायला लागलो, मग हात चांगला म्हणून मला प्रसिद्धी खात्यात नेलं, आणि कंपनीला पन्नास वर्षं झाली तेव्हा डॉन आन्सेल्मोंनी मला बोलावून सांगितलं, "रेमिहिओ, आपल्या कंपनीचं एक झाड काढ, वंशवृक्षासारखं. मुळाशी पातेलं काढ." तेव्हापासून दर दहा वर्षांनी मी ते झाड नव्याने काढतो. पहिलं झाड सोपं होतं, कारण ते सगळं पातेल्यातूनच उगवलं होतं. पातेल्याला पत्रा हवा, बाहेरचा पत्रा महाग पडतो, म्हणून पत्र्याची गिरणी. पातेली बांधायला खोकी हवीत, म्हणून पुठ्ठ्याचा कारखाना. मुलाम्याला रसायनं हवीत, म्हणून रसायनांचा. पुढे पत्रा जास्त व्हायला लागला, म्हणून फ्रीज. आणि फ्रीज विकले तर त्यात ठेवायला लोकांकडे काहीतरी असायला नको का, म्हणून हॅम आणि दही. हे सांगून डॉन आन्सेल्मो स्वतःच खो खो हसायचे. शहाऐंशीच्या झाडाला मोटारींच्या सुट्या भागांची फांदी आली, शहाण्णवच्या झाडाला धाग्याची, विम्याची, हॉटेलांची. हंगेरीतल्या एका कारखान्यासाठी मला कागद जोडावा लागला. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. बाजारात उभं राहून मी मोजायचो: हे खोकं आमचं, हा फ्रीज आमचा, त्या बाईच्या अंगावरच्या झग्याचा धागा आमचा. कासिल्दा म्हणायची, "तुझं काय आहे त्यात?" आणि मला त्या प्रश्नाचा राग यायचा, कारण मला ते सगळं माझंच वाटायचं.

शुक्रवारी सकाळी कप पिशवीत घालून मी ऑफिसात गेलो. ऑफिस आता कारखान्यात नाही. डोंगराच्या पलीकडे, श्रीमंत वस्तीत, काचेची एकवीस मजली इमारत आहे आणि चौदाव्या मजल्यावर खिडकीपासून दूर माझं टेबल आहे. यंदा ऐंशी वर्षं होतात म्हणून मी झाडाला बसलो होतो. पण नव्या मुलीने, जी आता माझी वरिष्ठ आहे आणि स्वभावाने खरंच गोड आहे, मला पडद्यावर वर्तुळं दाखवली. रंगीत, एकमेकांना टेकलेली, हलणारी वर्तुळं. "डॉन रेमिहिओ, झाडाला बुंधा असतो ना, मग लोकांना वाटतं तो तोडला की सगळं पडेल. गुंतवणूकदारांना ते आवडत नाही." मी विचारलं, यात इनॅमल कुठे आहे? तिने बोटाने एक निळं वर्तुळ मोठं केलं, त्यात आणखी वर्तुळं निघाली, त्यातलं एक मोठं केलं, त्यातही निघाली. मग ती म्हणाली, "होतं इथेच कुठेतरी. नवव्या मजल्यावर विचारा ना."

नवव्या मजल्यावर फ्रीजवाले बसतात. त्यांनी कप पाहिला, छान आहे म्हणाले. इनॅमल त्यांच्याकडे होतं, पण फेब्रुवारीत ते दोन मजले वरच्या भागीदारी विभागाकडे गेलं. मी जिन्याने अकराव्या मजल्यावर गेलो. तिथला लिसेन्सियादो, म्हणजे साहेब, तिशीतला असेल. त्याने मला बसवलं, कॉफी मागवली, माझ्या झाडांचं कौतुक केलं. त्याच्या बापाच्या घरात शहाऐंशीचं झाड फ्रेम करून लावलं आहे म्हणे. मी कप टेबलावर ठेवला आणि सरळ विचारलं, "भट्टी बंद करायचा निर्णय झालाय का?" तो दचकला नाही. मला वाटतं, त्याला प्रश्न खरोखरच समजला नाही.

"निर्णय असा काही नसतो, डॉन रेमिहिओ. आढावा असतो."

"मग आढावा काय म्हणतो?"

"तो चालूच असतो. सगळ्याच घटकांचा."

"आणि तो घेतं कोण?"

"तसं एक कुणी नाही," तो म्हणाला, आणि हे त्याने लपवाछपवी करून नाही, एखाद्याला शहाणं करून सोडावं तसं म्हटलं. "काही आकडे इथून जातात, काही ह्यूस्टनहून. माद्रिदमधले सल्लागार आहेत. मंडळ आहे. तुम्हाला कुणी काही म्हणालंय का?"

मी म्हणालो, नाही, कपच म्हणाला. तो हसला. मीही हसलो, आणि हसल्याची मला अजून लाज वाटते. पूर्वी दर शनिवारी डॉन आन्सेल्मो हातात टोपी घेऊन भट्टीवरून चालत जायचे. त्यांची वाट अडवून कुणीही विचारायचं, आमच्या गल्लीच्या दिव्याचं काय झालं, माझ्या भावाला का काढलं. ते तुम्हाला शिव्या घालायचे, आईवरून घालायचे, पण निदान शिव्या घालणारं एक तोंड होतं. ते गेले तेव्हा शवपेटीमागे अख्खी वसाहत चालली. त्यांचा नातू टेक्सासमध्ये राहतो आणि नाताळाला पडद्यावर येऊन आम्हाला कुटुंब म्हणतो. मी आणखी दोन मजले फिरलो. कुणी खोटं बोललं नाही, कुणी हाकललं नाही. पाचच्या सुमारास मी सतराव्या मजल्यावर एका बंद दारासमोर उभा होतो, दार माझ्या ओळखपत्राने उघडत नव्हतं, आणि खिडकीच्या काचेपलीकडे डोंगराच्या खिंडीतून मला खूप दूरवर धुरकट हवेत आमच्या भट्टीचं धुराडं दिसत होतं. धूर निघत होता. मी तो बराच वेळ पाहत राहिलो, जणू त्यावरून काही कळणार होतं.

रविवारी बाल्दोमेरोने अंगणात मांस भाजायला घेतलं होतं. निरोपाचं जेवण. अर्धी गल्ली आली होती, ॲकॉर्डियन होता, मेस्कित झाडाच्या कोळशाचा धूर डोळ्यांत जात होता, आणि बाल्दोमेरो डाव्या हाताने कधी पंख्यासारखा पुठ्ठा हलवत, कधी मांसाचे तुकडे उलटत होता. उजवा हात त्याने खिशात ठेवला होता. मला पाहून ओरडला, "आला! काचेच्या महालातून राजेसाहेब आले! अरे, कुणीतरी सतरंजी अंथरा, चपलेला धूळ लागेल त्यांच्या!" सगळे हसले. त्याने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "उद्या टाय घाल हं. ती माझी एकुलती एक आहे."

कांदे धुवायला नेरेइदा मागच्या नळावर होती. मी तिथे गेलो तर तिने मान वर न करता म्हटलं, "पाद्रीनो, तुम्हाला एक विचारू? तुमच्या वेळी तुम्हाला दुसरीकडे जावंसं वाटलं होतं का कधी?" मी म्हणालो, मला दुसरीकडे काही असतं हेच माहीत नव्हतं. ती हसली आणि पुढचा कांदा घेतला. "साल्तिल्योला रक्ताची प्रयोगशाळा आहे. मी जाऊन आले. तिथल्या बाईंनी मला त्यांचं टेबल दाखवलं, म्हणाल्या, हे तुझं." कांद्यावरून पाणी वाहत होतं. "पप्पांना मी काही म्हणणार नाही. त्यांनी हातमोजे धुऊन ठेवलेत माझ्यासाठी. माझं ऐकून त्यांना फक्त वाईट वाटेल. तुम्ही म्हणालात तर ते ऐकतील, तुमचंच ऐकतात ते." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, बघतो. या घरात माझा शब्द चालतो हे मला नेहमीच ठाऊक होतं, पण त्या क्षणी तो मला अंगावर घातलेल्या दुसऱ्याच्या कोटासारखा वाटला.

जेवणं झाल्यावर मी बाल्दोमेरोला भिंतीकडे नेलं आणि कप त्याच्या हातात दिला. त्याने बुडावरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा एक क्षण रिकामा झाला, हे मी पाहिलं. मग तो म्हणाला, "बरोबर आहे. आपल्याला पुरं पडत नाही ना, म्हणून बाहेरून आणतात. दोन पाळ्या चालल्यात, तिसरी चालू करायला माणसं कुठायत?" मी म्हणालो, कोंपाद्रे, पुरं पडत नाही म्हणून नाही. मी त्याला वर्तुळांचं सांगितलं, नवव्या मजल्याचं, आढाव्याचं. तो ऐकत होता, पण जितकं सांगत गेलो तितकं ते मलाच पोकळ वाटायला लागलं. निर्णय असा नसतो, एक कुणी नाही, इथेच कुठेतरी होतं: भाजलेल्या मांसाच्या धुरात, ॲकॉर्डियनच्या आवाजात, हे कुणाला धडपणे सांगता तरी येतं का?

"तुला सांगितलं कुणी? लिसेन्सियादो म्हणाला, बंद करणार?"

"तसं काही म्हणाला नाही."

"कागद पाहिलास?"

"नाही."

"चाळीस वर्षं त्यांच्यात आहेस. बंद व्हायची असती तर तुला कळलं नसतं?" त्याने कप भिंतीवर ठेवला. मग हळू, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला मूल नाही, रेमिहिओ. तुला नाही कळायचं, हातातली जागा मुलाला देताना काय वाटतं ते." लगेच त्याने जीभ चावली, डावा हात माझ्या मानेवर ठेवला. "माफ कर. गाढव आहे मी. ती तुझीच आहे, मला काय माहीत नाही?" त्याची माफी मला त्या वाक्यापेक्षा जास्त लागली. मग त्याने मला भिंतीला टेकवून, अगदी जवळ येऊन म्हटलं, "हे बघ. तू शपथेवर सांग की भट्टी जाणार. तिच्या बाप्तिस्म्याची शपथ घेऊन सांग. मी उद्या सही करत नाही, कुणाला कारणही सांगत नाही. तू म्हणालास एवढं बास."

आणि मला सांगता आलं नाही. मला माहीत नव्हतं. अंगठ्याला माहीत होतं, पण मला माहीत नव्हतं. शपथ घेतली आणि भट्टी राहिली, तर नेरेइदाची जागा दोन वर्षं गेली, आणि हा तोवर त्या मनगटाने पातेली पाडत राहणार, एक दिवस भट्टीच्या पेटत्या तोंडाशी तोल जाऊन पडणार, माझ्या शपथेमुळे. नाही घेतली आणि भट्टी गेली, तर... तर तेही माझ्यामुळे. नेरेइदाच्या मनातलं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ते धुतलेले हातमोजे माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि मी गप्प राहिलो. मनात आणखी एक गोष्ट होती, तीही सांगून टाकतो: माझी स्वतःची चार वर्षं उरली आहेत, आणि अकराव्या मजल्यावरच्या त्या पोराने माझं नाव लिहून घेतलं होतं. यातलं खरं कारण कोणतं ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, "माझं चुकलंही असेल. कपच तो." बाल्दोमेरो मोकळा हसला, माझ्या पाठीत धपाटा घातला आणि ओरडला, "अरे, या माणसाला बीअर द्या कुणीतरी! उन्हाने डोकं फिरलंय याचं!" नेरेइदा टेबल पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यात कुणीतरी हातात बाटली दिली म्हणून मी वळलो.

सोमवारी सातच्या आधी फाटकापाशी आम्ही चौघं होतो: मी टाय घालून, बाल्दोमेरो पांढऱ्या सदऱ्यात, त्याची बायको आणि नेरेइदा. कारकुनाने खिडकीतून अर्ज पुढे केला. बाल्दोमेरोने डाव्या हाताने सही केली, वाचलं नाही. वाचायचं कशाला, शेवटी माझी ओळ होती. कारकून म्हणाला, "धर्मपिता?" बाल्दोमेरो म्हणाला, "हा काय." लेखणी माझ्या हातात आली आणि मी सही केली. इतकी सुबक सही मी कधी केली नव्हती. चाळीस वर्षं फुलं काढलेला हात आहे, तो आपलं काम करतो. मग बाल्दोमेरोने हातमोजे नेरेइदाला दिले, तिच्या कपाळावर क्रूस काढला, आणि भोंगा झाला. सगळे आत शिरायला लागले, मी आणि नेरेइदाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा भोंग्यानंतर तो रस्त्यावर उभा होता. त्याने एक पाऊल आपसूक पुढे टाकलं, मग थांबला, हसला, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने फाटकाच्या गजांना धरलं.

"कोंपाद्रे," तो गजांपलीकडून म्हणाला, "तू आहेस ना आत. मग मला कसली काळजी."

मी नेरेइदाचा हात धरला. तो थंड होता. आम्ही अंगण ओलांडलं. भट्टीची ऊब तोंडावर यायला लागली तशी ती म्हणाली, "सकाळी घरून निघतानाच मी साल्तिल्योला फोन करून नाही म्हटलं. काल तुम्ही पप्पांशी इतका वेळ बोलत होतात. मी वाट बघत होते. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार, इथेच बरं आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. मागे वळलो असतो तर बाल्दोमेरो दिसला असता. मी तिचा हात घट्ट धरला आणि तिला आत घेऊन गेलो.